हात आपला, खूण कोणाची?

मुळशी तालुका म्हटले की दोन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. आषाढात ताम्हिणीच्या बाजूने पाऊस कोसळत असतो, पौडच्या पलीकडील खाचरांत चिखलणी झालेली असते आणि डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या बाया वाकून भाताची रोपे लावीत असतात. हे झाले पहिले चित्र. दुसरे चित्र त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील टोकाचे, हिंजवडीचे. तेथील काचेच्या इमारतींत हजारो तरुण-तरुणी वातानुकूलित खोल्यांत बसून जगभरातील ग्राहकांसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहीत असतात.

तालुका एक, पण हातांच्या तऱ्हा दोन. एका हाताला चिखल, विळा आणि पाणी यांची सवय, दुसऱ्याला कळफलकाची. आज या दोन्ही हातांत एकच वस्तू आली आहे. ती म्हणजे स्पर्शाने चालणारा, काचेच्या पडद्याचा मोबाइल. त्या काचेवर बोट टेकवले तर काय होते, सरकवले तर काय होते, दाबून धरले तर काय होते, दोन बोटे फाकवली तर काय होते, याचे नियम ठरलेले आहेत. मात्र ते ठरविताना या दोन्ही हातांपैकी एकालाही कोणी विचारलेले नाही. हिंजवडीचा हात ते नियम शिकून पारंगत झाला. खाचरातला हात अजून चाचपडतो आहे आणि आपण त्या चाचपडण्याला सरसकट 'अडाणीपणा' असे नाव देऊन मोकळे होतो. हा निवाडा तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

विषय किरकोळ नाही

बोट कसे फिरवायचे यात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वी तलाठी जी पिकांची नोंद करीत असे, ती शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून करावयाची. कल्पना चांगली होती. आपल्या सातबाऱ्यावर काय लिहिले जावे हे ज्याची जमीन त्यानेच सांगावे, यात स्वाभिमानही आहे आणि लबाडीला आळाही. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाने खरेदी अशा अनेक गोष्टींना ही नोंद उपयोगी पडते. म्हणजे काचेवर बोटाने केलेल्या चार-सहा खुणांवर एका कुटुंबाच्या वर्षाचा हिशेब अवलंबून राहू शकतो.

हीच गोष्ट पैशांच्या व्यवहाराची. २०१६ साली यूपीआयची पद्धत आली आणि भाजीवाल्यापासून कीर्तनाच्या मंडपापर्यंत सर्वत्र पोहोचली. ज्याला स्वतः फोन चालविता येत नाही, तो काय करतो? तो फोन दुसऱ्याच्या हाती देतो, आणि त्याबरोबर आपला गुप्त क्रमांकही देतो. कधी तो दुसरा पोटचा नातू असतो, कधी दुकानातला अनोळखी पोरगा. ज्या समाजात म्हातारी माणसे आपली तिजोरी अशी उघडी करून परक्याच्या हाती ठेवतात, तेथे फसवणूक झाली तर नवल नाही. खूण न समजणे हे परावलंबनाचे दार आहे.

खुणा कशा जन्मल्या

स्पर्शपटल आकाशातून पडलेले नाही. १९६५ साली ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन या अभियंत्याने विमानवाहतूक नियंत्रणासाठी बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मायरन क्रूगर यांनी कॅमेऱ्यासमोर केलेल्या हाताच्या हालचाली संगणकाला ओळखता येतात, हे दाखविले. पुढे डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन नावाचा विद्यार्थी संशोधन करीत होता. कळफलक वापरून त्याचे हात इतके दुखू लागले की टंकलेखन करणेच अवघड झाले. त्या दुखण्यातून त्याने अनेक बोटांचा हलका स्पर्श ओळखणाऱ्या पृष्ठभागाचा अभ्यास हाती घेतला, १९९९ मध्ये प्रबंध पूर्ण केला आणि आपले प्राध्यापक जॉन इलायस यांच्यासह 'फिंगरवर्क्स' ही कंपनी उभी केली. २००५ मध्ये ॲपलने ती विकत घेतली. जानेवारी २००७ मध्ये आयफोन जगापुढे आला आणि पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र मोठे करण्याची खूण पाहता पाहता जगभर पसरली.

या इतिहासातील एक गोष्ट मनात ठेवावी. वेस्टरमन आपल्या स्वतःच्या दुखऱ्या हातापासून निघाला. आपल्या गरजेकडे त्याने बारकाईने पाहिले आणि त्यातून साऱ्या जगाच्या उपयोगाची वस्तू निघाली. अनुकरणाने हे साधले नसते.

लोकांना विचारले तर काय होते, याचाही एक उत्तम दाखला आहे. मेजाएवढ्या मोठ्या स्पर्शपटलासाठी खुणा ठरवायच्या होत्या. जेकब वॉब्रॉक, मेरेडिथ मॉरिस आणि अँड्र्यू विल्सन या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेहमीची रीत उलटी केली. त्यांनी तांत्रिक शिक्षण नसलेल्या वीस जणांना आधी पडद्यावर परिणाम दाखविला, म्हणजे वस्तू सरकली, मोठी झाली, नाहीशी झाली. आणि मग विचारले, 'हे घडावे म्हणून तुम्ही हाताने काय कराल?' सत्तावीस आज्ञांसाठी मिळून १,०८० खुणा जमा झाल्या. पुढे संशोधकांनी स्वतः आधी योजलेल्या खुणांशी त्या ताडून पाहिल्या. तज्ज्ञांच्या यादीत लोकांच्या खुणांपैकी सुमारे साठ टक्केच आढळल्या. उरलेल्या चाळीस टक्के तज्ज्ञांना सुचल्याच नव्हत्या. आणखी एक गोष्ट दिसली. एक बोट वापरले की दोन की तीन, याची सामान्य माणूस फारशी फिकीर करीत नाही. यंत्र मात्र नेमका तोच भेद धरून बसलेले असते.

त्याच अभ्यासात असेही दिसले की त्या वीस जणांच्या खुणांवर मेजावरच्या संगणकाच्या सवयींचा दाट प्रभाव होता. म्हणजे खिडकी बंद करायची तर जेथे फुलीचे चिन्ह असते तेथे बोट नेणे, वगैरे. आता विचार करा. ज्या माउलीने आयुष्यात कधी संगणकाचा उंदीर हाती धरलेला नाही, तिच्या मनात कोणत्या खुणा असतील? तिने सुपात धान्य पाखडले आहे, खडे एका बाजूला सारले आहेत, भाकरी थापताना ती बोटांनी वाढवीत नेली आहे, जात्याचा खुंटा गोल फिरविला आहे, बोटांच्या पेरांवर नामजप मोजला आहे. नको असलेली वस्तू ती कशी बाजूला सारील? पुढचे पान हवे तर कसे मागेल? हे प्रश्न आपण पौडच्या बाजारात बसून कधी विचारले आहेत काय?

काच सर्वांना सारखी ओळखत नाही

येथे थोडे शास्त्र समजून घ्यावे लागेल. आजच्या मोबाइलच्या काचेखाली पारदर्शक विद्युत्वाहक पदार्थाची बारीक जाळी असते. मानवी शरीर विजेचे वाहक आहे. बोट काचेजवळ आले की त्या ठिकाणी विद्युत्भार धरून ठेवण्याच्या क्षमतेत सूक्ष्म बदल होतो आणि यंत्र तो सेकंदाला अनेक वेळा मोजून बोटाची जागा ठरविते. म्हणजे काच बोटाचा दाब मोजत नाही, ती विजेचा फरक मोजते.

यातून दोन अडचणी उद्भवतात. पाणीही विजेवर परिणाम करते. काचेवर थेंब पडले किंवा बोट ओले असले की यंत्राचा गोंधळ उडतो. दुसरी अडचण कोरड्या, जाड, घट्टे पडलेल्या कातडीची. अशा बोटाने होणारा फरक इतका क्षीण असू शकतो की यंत्राला तो जाणवतच नाही. ओला हात आणि घट्ट्यांचा हात, खरिपाच्या दिवसांत मुळशीत दुसरा कोणता हात असणार? ज्या ऋतूत पिकाची नोंद करावयाची, त्या ऋतूत ज्याने ती करावयाची त्याच्याच बोटाला काच नीट ओळखत नाही. यात शेतकऱ्याचा दोष कोणता?

तिसरी अडचण काळाची आहे, आणि ती सर्वांच्या घरात आहे. पडद्यावर क्षणभर टेकवलेले बोट आणि थोडा वेळ ठेवलेले बोट यांचे अर्थ यंत्राने वेगवेगळे लावलेले असतात. तरुण माणूस टिचकी मारतो. वृद्ध माणूस बिचकत बोट ठेवतो, 'बरोबर आहे ना' म्हणून क्षणभर तेथेच थांबतो, आणि यंत्र त्याला 'दाबून धरणे' समजून भलतीच यादी पुढे करते. दुसरा कोणी, जुन्या खटक्याच्या सवयीने, जोर लावून दाबतो. बोट चपटे होऊन किंचित घसरते आणि यंत्राला वाटते, याला पान सरकवायचे आहे. संकोच आणि जोर या दोन अगदी मानवी गोष्टी. यंत्राच्या शब्दकोशात मात्र त्यांना भलतेच अर्थ चिकटवलेले आहेत. आपले आजी-आजोबा 'आपोआप काहीतरी होते' असे म्हणतात, ते अक्षरशः खरे असते.

शिवाय बटण डोळ्यांना दिसते, खूण दिसत नाही. पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवले की मागे जाता येते, हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते. संगणक-रचनेचे मान्यवर अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन आणि जेकब नील्सन यांनी २०१० मध्येच इशारा दिला होता की खुणांच्या या नव्या पद्धतीत, काय काय करता येते ते दिसण्याची आणि चूक सहज मागे घेण्याची जुनी तत्त्वे वाऱ्यावर सोडली जात आहेत. ज्यांनी ही विद्या घडविली त्यांच्यातलेच हे लोक आहेत. तेव्हा पौडच्या शेतकऱ्याने तक्रार केली तर ती अडाण्याची तक्रार समजू नये.

खुणेवरही मालकी

या कथेला व्यापाराची बाजूही आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतील ज्युरीने ॲपल विरुद्ध सॅमसंग या खटल्यात शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल दिला. वादातील हक्कांमध्ये फोनच्या बाह्य रूपाबरोबर, एका बोटाने सरकवणे आणि दोन बोटांनी मोठे करणे यांतील भेद ओळखण्याच्या तंत्राचे पेटंटही होते. पुढे रक्कम कमी झाली, त्या पेटंटच्या वैधतेवर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातच प्रश्न उभे राहिले आणि २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. पण बोटांच्या हालचालीभोवतीही कुंपण घालता येते, हे जगाला कळून चुकले.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. जखमेवर हळद लावण्याच्या आपल्या घरगुती ज्ञानावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पुराव्यानिशी लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. त्या विजयाने एक धडा दिला. आपल्याजवळ आहे ते नोंदवून ठेवले पाहिजे. आणि त्याहून पुढे जाऊन, आपल्याजवळ आहे त्यातून नवे घडविले पाहिजे.

बाराखडीचे चक्र

तसे घडविता येते याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८६ साली 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी. आपल्या लिपीत व्यंजनामागून स्वर येतो, तेव्हा हातही आळीपाळीने चालावेत, हा त्यामागचा साधा आणि शास्त्रशुद्ध विचार होता. पुण्याच्या सी-डॅकने १९८८ पासून भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे जे काम केले, त्यातून ही पद्धत कार्यालयांत रुजली.

पण स्पर्शाच्या मोबाइलवर दहा बोटे चालत नाहीत, चालतो तो अंगठा. मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे अभ्यास केला, वेगवेगळ्या रचना वापरणाऱ्यांच्या हाती देऊन पाहिल्या आणि २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा कळफलक विनामूल्य उपलब्ध करून दिला. त्याची रीत अशी. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. 'क' वर बोट ठेवले की त्याभोवती एक चक्र उमलते आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी बाराखडी दिसते. हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवून उचलायचे. पाय मोडलेले अक्षर निवडले की पुढची जोडाक्षरे कशी दिसतील, तेही कळांवरच दिसू लागते.

यात कोठेही परकी खूण पाठ करावी लागत नाही. पहिलीच्या वर्गात पाटीवर गिरवलेली बाराखडी हेच या खुणेचे व्याकरण. खूण अदृश्य नाही, बोट टेकताच ती स्वतः दिसते. पाश्चात्य कळफलकावर देवनागरी बळेच बसविण्याऐवजी त्यांनी लिपीच्या स्वभावातून हालचाल काढली. पुढे हीच पद्धत इतर अनेक भारतीय भाषांसाठीही तयार झाली, कारण क-ख-ग-घ ची शिस्त काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या लिप्यांत सामायिक आहे. भाषा अनेक आणि वर्णक्रम एक, ही एकात्मता येथे प्रत्यक्ष उपयोगाला आली.

मग आज आपली सुशिक्षित मुले मराठीचा निरोप रोमन अक्षरांत का लिहितात? फोनमध्ये जे आयते असते तेच बहुतेक जण वापरतात, आणि जे आपले आहे ते शोधून घेण्याचे कष्ट आपण घेत नाही. येथे दोष परदेशी कंपनीला देता येणार नाही.

गौरवापुढचे पाऊल

हाताच्या खुणांचा विषय निघाला की आपल्याकडे मुद्रांची आठवण होणे स्वाभाविक आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या चोवीस आणि दोन्ही हातांच्या तेरा मुद्रा वर्णिलेल्या आहेत. हाताच्या भाषेचा एवढा सूक्ष्म विचार आपल्या पूर्वजांनी केला याचा अभिमान जरूर असावा. पण त्या मुद्रा जशाच्या तशा काचेवर आणाव्यात असे कोणी सुचविले तर त्याला नम्रपणे थांबवावे लागेल. मुद्रा गुरूजवळ वर्षानुवर्षे शिकाव्या लागतात. रसिकालाही त्यांचा अर्थ अभ्यासाने कळतो. स्पर्शपटलावरच्या खुणेला असे शिक्षण मागण्याचा अधिकार नाही. तेथे आलेला माणूस साधनेसाठी आलेला नसतो; त्याला सातबारा पाहायचा असतो. पूर्वजांकडून घ्यायचा तो त्यांचा बारकावा आणि हाताकडे पाहण्याची त्यांची दृष्टी. नुसत्या गौरवाने कोणाच्याही ओल्या बोटाला काच ओळखू लागणार नाही.

मुळशीला न विचारता घेतलेल्या निर्णयांचा जुना अनुभव आहे. मुंबईच्या विजेसाठी धरण बांधताना ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्यांना कोणी विचारले नाही, म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी सत्याग्रह केला. काचेवरच्या खुणा म्हणजे धरण नव्हे. येथे कोणाची जमीन बुडत नाही. तरीही प्रश्नाची जात तीच आहे. ज्याला वापरायचे आहे त्याला आधी विचारायचे की नाही?

याचे उत्तर देण्यासाठी मुळशीइतकी सोयीची जागा नाही. हिंजवडीहून पौड अगदी जवळ. लवळे परिसरात मोठ्या शिक्षणसंस्था आहेत. शेतकऱ्यांसाठी असलेली कोणतीही सरकारी प्रणाली प्रसृत होण्यापूर्वी ती भातलावणीच्या दिवसांत, बांधावर, ओल्या हातांनी तपासली जावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी धरली पाहिजे. कळा मोठ्या असाव्यात, प्रत्येक खुणेला पर्याय म्हणून दिसणारे बटण असावे, आणि चूक मागे घेता यावी. ई-पीक पाहणीच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत अठ्ठेचाळीस तासांत नोंद दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली, ती याच जातीची सुधारणा होती. अशी सोय सुरुवातीपासूनच असावी, एवढेच म्हणणे.

कार्यकर्त्यांसाठीही येथे काम आहे. गावात जाऊन दहा जणांचे अर्ज स्वतः भरून देणे सोपे. त्यात उपकाराचे समाधानही मिळते. पण पुढच्या हंगामात ते दहा जण पुन्हा आपल्याच दारी येतात. त्याऐवजी फोन त्यांच्याच हाती राहू द्यावा, आपण शेजारी बसावे आणि त्यांचे बोट कोठे अडते ते वहीत टिपून ठेवावे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकाने महिन्यातील एक रविवार असा घालविला, तर त्याच्या वहीतून उद्याची एखादी चांगली खूण जन्माला येईल.

आणि घरात? आजीने फोन पुढे केला की आपण तो तिच्या हातून काढून घेतो, चार वेळा बोट फिरवितो आणि 'झालं गं, आजी' म्हणून परत देतो. तिला काहीच दिसलेले नसते. पुढच्या वेळी फोन तिच्याच हाती ठेवून पाहावे. ती थांबेल, बिचकेल, चुकेल. चुकू द्यावे. आणि ती चुकली तर आधी हे पाहावे, की चूक तिच्या बोटाची आहे की त्या बोटाला न विचारता ठरविलेल्या खुणेची.